टेबल सॉच्या उजव्या अंगाची जागा

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
दि. १८ जानेवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर दादा म्हणाला की नव्या टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या मशीनच्या, उजव्या बाजूचं लांब टेबल नुसती अडगळ झालंय, त्यावर फेव्हिकॉलचे डबे आणि सनमाइकाचे तुकडे साचलेत, आणि ते कापून टाकून पडवीत जागा मोकळी करायचा तुमचा विचार आहे. काका, एवढ्यात कापू नका. त्या जागेचं सोनं करता येतं. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

ते टेबल एवढं लांब का असतं? आठ बाय चारचा प्लाय आडवा, मधोमध कापायचा तर पातं आणि फेन्स (लाकूड टेकवून सरळ ढकलायची सरकती आडपट्टी) यांच्यात ४८ इंच लागतात. म्हणून या मशीनना फेन्स सरकायला ५२ इंचांची रेल देतात, आणि मधली पोकळी भरायला ते लॅमिनेट लावलेलं बोर्डाचं टेबल. कागदावर हे ठीक आहे, पण अख्खा प्लाय एकट्याने पात्यावर ढकलणं म्हणजे जिवाशी खेळ. बोर्ड जरा तिरका झाला की पात्यात अडकतो आणि उलटा अंगावर येतो. मी तर प्लाय जमिनीवर थर्माकोलच्या जाड पाटीवर ठेवून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी फाडून घेतो आणि मग लहान तुकडे टेबल सॉवर नेमक्या मापाचे करतो. तुम्हीही तेच करता, असं दादा म्हणाला. तेव्हा पात्यापासून दोन फुटांपलीकडची जागा क्वचितच लागते.

तिथे राउटर, म्हणजे लाकडात खाचा आणि कडा पाडणारं हातमशीन, बसवा, उलटा, टेबलाखालून. मी इथल्या गॅरेजमध्ये तेच केलंय आणि वेगळ्या राउटर टेबलाची जागा वाचली. सपाट टेबल आहे, मजबूत फेन्स आहे, वजनदार बूड आहे. राउटर टेबलाला आणखी काय लागतं?

मशीनबरोबर आलेला बोर्ड मात्र त्यासाठी वापरू नका. राउटरच्या वजनाने तो मधोमध बसतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगेल तो वेगळाच. आयएस ७१० छापाचा मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या, १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवा आणि सनमाइका दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावलात तर पाट वाकणार, हे मी तुम्हाला सांगायला नको. खालून दोन सागाच्या पट्ट्या उभ्या मारा, आणि बाहेरच्या टोकाला पाय द्या. लोखंडी टेबल आणि हा पाट एका पातळीत आला की त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघा. तिथे घाई नको, पुढचं सगळं काम त्या पातळीवर उभं राहतं.

राउटरची प्लेट सव्वानऊ बाय पावणेबारा इंच आणि तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची मिळते. तिच्यासाठी पाटात आरपार चौकोन काढून वरच्या कडेला तीन सुतांपेक्षा केसभर खोल खाच करायची, म्हणजे प्लेट तिच्यात बसते. कोपऱ्यांखाली छोटे स्क्रू ठेवा आणि ते पिळून प्लेट वर-खाली करा. कडेवरून नख फिरवलं तर अडकता कामा नये. अडकलं तर वरून सरकणारी लाकडाची पट्टी प्रत्येक वेळी तिथेच ठेचकाळेल आणि मोल्डिंगवर दात उमटेल.

आता उभं कुठे राहायचं ते. मी बराच विचार करून प्लेट पाटाच्या बाहेरच्या टोकापासून फूटभर आत घेतली. तुम्ही त्या उजव्या टोकाला, पात्याकडे तोंड करून उभे राहायचं. समोर फेन्सची उजवी बाजू आणि तिच्या खाचेत अर्धंमुर्धं दडलेलं बिट, म्हणजे राउटरचं फिरतं पातं. उलट्या टांगलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, म्हणून लाकूड नेहमी आपल्या उजव्या हाताकडून डावीकडे सरकवायचं. मशीनच्या हिशोबाने बघितलं तर मागून पुढे. टेबल सॉवर आपण पुढून मागे ढकलतो, तिथे नेमकं उलटं होतं. दादाच्या हाताला पहिली सवय लागलेली असेल, म्हणून पाटावर रंगाने ठळक बाण काढून ठेवा. आणि पट्टी बिट आणि फेन्सच्या फटीतून कधीही घालायची नाही. बिट तिला खेचून भिरकावतं आणि हातही पाठोपाठ जातो.

फेन्सला खिळे-भोकं काही नको. प्लायचा खोटा चेहरा करा, मधे बिटापुरती खाच काढा, मागे भुसा ओढणाऱ्या पाइपाला जागा ठेवा आणि फेन्सवर क्लॅम्पने आवळा. काम झालं की काढून भिंतीवर टांगा. याला एक अडचण आहे, ती आधीच सांगतो: फेन्स राउटरसाठी लावली की ती हलवेपर्यंत पात्यावर पट्ट्या पाडता येत नाहीत. त्यामुळे कामाची आखणी बदलते. आधी सगळं कटिंग उरकायचं आणि मग राउटर. माझ्या मते हे चांगलंच आहे, एका मापाच्या सगळ्या पट्ट्या एका दमात निघतात. तुम्ही देव्हाऱ्याच्या चौकटी नक्षीच्या रंध्याने हाताने काढता. ते काम थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कपाटांच्या पल्ल्यांच्या खाचा आणि लिपिंगच्या (प्लायच्या कडेला लावायच्या लाकडी पट्टीच्या) कडा यांत तुमचा खांदा झिजतोय, ते तरी मशीनला करू द्या.

राउटरला वेगळा स्विच हवा, तोही पुढे, मांडीने दाबून बंद करता येईल असा. बिट बदलताना राउटरचा प्लग बाहेर. राउटर चालवताना सॉचा प्लग बाहेर आणि पातं टेबलाखाली. इथे १२० व्होल्टवर दोन्ही मशीन एकाच सर्किटवर नेटाने चालत नाहीत. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत, तरी दोन्हींना वेगवेगळे पॉइंट घ्या. मोठ्या व्यासाचं बिट लावलं की राउटरचा वेग उतरवायचा, हेही दादाला सांगा.

पाटाखालच्या पोकळीत खण करा, पण आधी मोटारीचं दार आणि पातं तिरकं करायचं चाक कुठे आहे ते बघा. माझ्या मशीनची ही दोन्ही उजव्या अंगाला आहेत. खण तिथे भिडले तर पट्टा बदलायला आख्खं कपाट हलवावं लागेल. म्हणून मी वीतभर मोकळं सोडलंय आणि खण बाहेरच्या टोकाकडून उघडतात. त्यात पाती, पाने, बिटं आणि ढकलकाठ्या. ढकलकाठी मात्र नेहमी हाताशीच हवी, खणात बंद नको.

मागच्या बाजूलाही एक टेबल जोडा. लांब फळी कापून होत आली की तिचं टोक खाली झुकतं, आणि ते धरायला माणूस फिरत्या पात्यावरून हात घालतो. बोटं जातात ती अशीच. मागचं टेबल मशीनपेक्षा एक सूत खाली ठेवा, म्हणजे फळी अडखळत नाही. पुढच्या टेबलातल्या पाऊण इंची खाचा मागेही तशाच ओळीत पुढे न्या, नाहीतर माइटर गेजची (लाकूड कोनात धरून ढकलायच्या साधनाची) पट्टी तिथे थडकेल. पडवी अरुंद आहे, म्हणून बिजागऱ्यांवर दुमडणारं करा.

गंजाचं म्हणाल तर तुमचा पावसाळा आणि माझा हिवाळा सारखाच. गाडी बर्फ घेऊन आत येते, तो वितळतो आणि थंड लोखंडावर ओल धरते. मी दर काही आठवड्यांनी टेबलावर पेस्ट मेण चोळून फडक्याने पुसून काढतो. लाकूडही सुळसुळीत सरकतं. सिलिकोनवालं काही लावू नका, ते लाकडाला लागलं की पॉलिश फाटतं.

हे गाव १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनापासून फर्निचरचं शहर म्हणून ओळखलं जातं, आणि शेजारपाजारी जुने कारागीर भेटतात. माझं मशीनही अशाच एका निवृत्त सुताराकडून घेतलेलं. तुमच्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांचे फोटो दाखवले तेव्हा तो बराच वेळ ते बघत होता आणि लेथवर पात्याचा कोन कसा धरतात ते विचारत होता. मला सांगता आलं नाही, तेवढं कळवा.

मार्चमध्ये येतोय तेव्हा प्लेट घेऊन येईन. त्याआधी तीन मापं पाठवा: दोन रेलमधलं अंतर, पाटाखालून मोटारीच्या दारापर्यंतची मोकळी जागा, आणि दादाच्या राउटरच्या बुडाच्या स्क्रूंमधलं अंतर. शेवटचं माप कागदावर बूड ठेवून पेन्सिलीने गिरवा आणि फोटो पाठवा, म्हणजे भोकं मी इथेच पाडून घेईन. प्लाय मात्र वखारीतून आत्ताच आणून घरात आडवा ठेवा. उभा ठेवलात तर मार्चपर्यंत वाकेल.

काकूंना सा. न. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
पुतण्या