हरळी ओळखायची तर उपटून पाहावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतीच्या पानावर येणारे तणनियंत्रणाचे लेख कात्रण काढून ठेवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणूनच हे लिहीत आहे. या लेखांत हरळी आणि लव्हाळा यांना 'बहुवार्षिक गवते' म्हणून एका दावणीला बांधले जाते आणि सोबतच्या छायाचित्रात बहुधा नुसता तुरा असतो. तेवढ्यावरून हरळी ओळखता येत नाही.

लव्हाळा हे मुळात गवतच नव्हे. त्याचा फुलाचा दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. हरळीच्या काडीला अशा कडा नसतात. हा फरक किती महागात पडतो, ते मी अनुभवले आहे. रुंद पानांच्या पिकात केवळ गवतवर्गीय तणे मारणारी क्विझालोफॉपसारखी तणनाशके लव्हाळ्यावर चालत नाहीत, हे ठाऊक नसताना मी ते फवारले आणि तण पिवळे पडण्याची वाट पाहत बसलो. औषध चांगलेच होते, तण ओळखण्यात मी चुकलो होतो.

खरा घोळ होतो तो हरळी आणि तिच्यासारखी दिसणारी एका हंगामाची गवते यांच्यात. हरळीच्या तुऱ्याला बहुधा ३ ते ७ बारीक बोटे असतात आणि ती एकाच बिंदूपासून फाकतात, हे खरे. पण बोटांसारखा तुरा या इतर गवतांनाही येतो आणि शिवाय तुरा दिसेपर्यंत खुरपणीची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे पाते खोडाला बिलगलेल्या आवरणापासून जिथे सुटते, तो सांधा उजेडाकडे धरून पाहावा. हरळीत तिथे आखूड पांढऱ्या केसांची झालर दिसते, तर गैरसमज करून देणाऱ्या काही गवतांत त्या जागी पातळ पापुद्रा असतो. भिंग असल्यास उत्तम.

तरीही शंका उरली, तर खुरप्याने खोल उकरून झाड अख्खे काढावे. हंगामी गवत मुळांच्या झुपक्यासह हातात येते. हरळी मात्र तशी येत नाही. वर जमिनीला चिकटून धावणारी, पेरापेराला मुळे सोडणारी खोडे आणि खाली पांढरट, खवल्यांसारख्या आवरणाच्या, टोकदार काश्या, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडे, असे दोन्ही तिच्याजवळ असते. लव्हाळ्याच्या मुळाशी त्याऐवजी गडद रंगाच्या गाठी सापडतात.

हे उकरून पाहणे मशागतीआधी व्हायला हवे, कारण ओलीत रोटाव्हेटर फिरवला की काश्यांचे तुकडे होतात आणि डोळा शाबूत असलेला प्रत्येक तुकडा नव्याने फुटू शकतो. हंगामी गवत समजून आपणच हरळीची लागवड करून बसतो, असे म्हणायला हरकत नाही! त्यापेक्षा जमीन कोरडी असताना नांगरून काश्या वर आणाव्यात, कडक उन्हात वाळू द्याव्यात आणि उरलेल्या वेचून बांधाबाहेर न्याव्यात; बांधावर टाकलेली हरळी पुन्हा शेतात उतरते.

पुढील लेखात तुऱ्याऐवजी काश्यांसकट उपटलेली हरळी, पानाच्या सांध्याचे मोठे चित्र आणि शेजारी गाठींसह लव्हाळा छापावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक