आई, तू त्या दिवशी हसलीस

प्रिय आई-बाबा,

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. सावकाश, एकेक वाक्य, मधे थांबून. आणि जिथे तुझ्याबद्दल लिहिलंय तिथे आवाज बारीक करून पुढे सटकायचं नाही. बाबांचं सगळीकडे लक्ष असतं.

आधी मुद्द्याचं सांगते, उगाच धाकधूक नको. येत्या सोमवारपासून दुपारी तीन ते सहा घरी एक मदतनीस ताई येतील. ठरलंय, पहिल्या महिन्याचे पैसेही दिलेत. ‘आधी विचारायचंस तरी’ असं तू म्हणणार. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, मग मी वाद घातला असता, आणि शेवटी भांडी घासायच्या मशीनचं झालं तेच झालं असतं. ते अजून खोक्यातच आहे ना?

ताई अनुभवी आहेत. फोनवर त्यांनी पगाराच्या आधी विचारलं, ‘बाबा कुशीवर झोपतात तेव्हा उजव्या हाताखाली उशी देता का?’ तिथेच माझं मत झालं. पक्षाघाताने लुळा पडलेला हात धरून ओढला की खांदा दुखावतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बाबा, तुमचं काही बदलणार नाही. रेडिओ डाव्या हाताला, चष्मा त्याच्या शेजारी, आणि अंघोळ सकाळची, आईच घालेल. दुपारी फक्त सोबत.

फक्त एक बदल आहे, तोही माझाच हट्ट. पलंग खिडकीकडे वळवा. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं होतं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. आई म्हणेल, आली मोठी शहाणी. आले तर आले. सध्या बाबांना दिवसभर कपाटाचं दार दिसतं, त्यापेक्षा झाड काय वाईट?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा ‘पाणी’ म्हणायला धडपडत होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, कपाळावरची ती शीर फुगली होती. तू ग्लास आणायला उठलीस आणि तेवढ्यात बाबांनी अंघोळीच्या वेळचं त्यांचं ते गाणं धरलं. अख्खी ओळ, शब्दांसकट, नेहमीसारखीच बेसूर. तू ग्लास हातात घेऊन खदखदून हसलीस. आणि मग एकदम गप्प झालीस, पदराने तोंड पुसलंस आणि मला म्हणालीस, ‘बघ, मला हसायला सुचतंय.’

तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

बाबा गायले यात चमत्कार नाही, आई. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणं अडतं, पण गाणं अनेकदा शाबूत राहतं. त्याचाच आधार घेऊन वाचा परत आणायची एक उपचारपद्धती १९७० च्या दशकापासून आहे. म्हणजे तू हसत होतीस तेव्हा बाबा व्यायाम करत होते. थेरपिस्ट बाईंना हे नक्की सांग, आणि गाणं कुठलं तेही सांग, लाजू नकोस.

आणि तुझ्या हसण्याचं. सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात एड्सने खंगत चाललेल्या जोडीदाराची घरी सेवा करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. प्रश्न सगळे त्रासाचे होते. उत्तरं देणारेच म्हणाले, तुम्ही आमच्या चांगल्या क्षणांबद्दल काहीच विचारत नाही. मग तसा प्रश्न घातला, तर जवळजवळ सगळ्यांकडे सांगण्यासारखं काही ना काही होतं. कुणी केलेलं कौतुक, बाहेर फुललेलं फूल, असलंच साधं. दुःख तिथेच होतं, त्याच दिवशी, त्याच घरात. त्या माणसांचं प्रेम काही कमी नव्हतं. तुझंही नाही. तू हसलीस म्हणून बाबांचा उजवा हात आणखी लुळा पडत नाही, आणि रडलीस म्हणून उचलला जात नाही. (वाचताना हे वाक्य गाळशील, म्हणून बाबा, तुम्ही तिच्याकडे बघत राहा.)

म्हणून दुपारचे तीन तास. साठीत पोहायला शिकलीस तेव्हा बाबा काठावर टॉवेल घेऊन उभे राहायचे आणि तू पलीकडच्या कठड्याला हात लावलास की शिट्टी मारायचे. साडेतीनच्या बॅचला तुझं नाव घातलंय. पाण्यात उतरायचा धीर झाला नाही तर नुसती काठावर बस, पण जा. तुझी पाठ दुखते ती फक्त वाकून नाही, आणि तुझं ब्लडप्रेशर काय आहे ते तू मला खरं सांगत नाहीस.

बाबा, आता तुमच्याशी. लाइट गेले की तुम्ही मेणबत्तीसमोर हात धरायचात आणि भिंतीवर ससा उड्या मारायचा. दादा घाबरायचा, मी नाही (तो काहीही सांगो). काल मी लेकीला ससा करून दाखवायला गेले, त्याला दोन हात लागतात. पण कोल्हा एका हाताचा आहे. अंगठा वर, करंगळी खाली-वर, की तोंड उघडतं. मी डाव्या हाताने करून पाहिला, जमतो. शनिवारी कॉलवर नातीला कोल्हा हवाय. सराव करून ठेवा, तिला फसवता येत नाही.

आता सूचना, रागावू नका. खिडकीतली ती कुंडी आजपासून बाबांची. आई, पाणी तू घालायचं नाहीस, जमिनीवर सांडलं तरी. १९७६ मध्ये लँगर आणि रोडिन या दोघींनी वृद्धाश्रमातल्या एका गटाला रोप देऊन सांगितलं, काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या गटाला सांगितलं, परिचारिका घेतील. पहिला गट जास्त हसरा आणि तरतरीत निघाला. तू सतत दुसऱ्या गटातली परिचारिका होतेस, प्रेमाने होतेस, पण होतेस.

गोळ्या डब्यात वार बघून भर. फोन वाजला की धावायचं नाही, मी परत करते. बाबांचा चेहरा वाकडा दिसला किंवा बोलणं पुन्हा एकदम बिघडलं, तर मला फोन नंतर, आधी रुग्णवाहिका. आणि बाबा थकले की झोपू दे. हा थकवा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

मी पुढच्या महिन्यात येतेय, तिकीट काढलंय. खोली आवरू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. : ताईंचे निम्मे पैसे दादा देतोय. मी मागितले नाहीत, त्यानेच म्हटलं. त्याला फोन करून ‘कशाला रे’ करत बसू नकोस, आणि त्या मशीनचं खोकं उघड.