भिंतीवरचा फोटो : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

माझी भाची गेल्या महिन्यात सांगलीहून पुण्यात आली, ती पिशवीत तीन माहितीपत्रकं घेऊन. बी.ए. झाली आहे, मराठी चांगलं लिहिते, चार माणसांत रमते, आणि तिला जनसंपर्कात, म्हणजे पीआरमध्ये काम करायचं आहे. मी पंधरा वर्षं हेच काम करते. त्यामुळे ‘मावशी, यातलं कुठलं घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही तिन्ही संस्था पाहून आलो. एकीच्या स्वागतकक्षात ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ अशी भिंत होती. त्यातला एक चेहरा ओळखीचा वाटला. खाली लिहिलं होतं, ‘नामांकित पीआर कंपनीत निवड’. ती कंपनी आमचीच, आणि तो मुलगा आमच्याकडे दोन महिने इंटर्न होता. बिनपगारी. (यात आमचीही बाजू फारशी स्वच्छ नाही, हे कबूल करते.) पुढे तो एका बँकेच्या कॉल सेंटरला लागला. समोरच्या बाई मात्र सांगत होत्या, ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’. यातला ‘असिस्टन्स’ हा शब्द सांगलीहून आलेल्या पालकाच्या कानावर पडतच नाही. त्याला ‘शंभर टक्के’ तेवढं ऐकू येतं.

फी आणि वसतिगृह धरून आकडा माझ्या बहिणीच्या वर्षभराच्या पगाराच्या पुढे गेला.

इंजिनिअरिंगवर लक्ष ठेवायला एआयसीटीई ही केंद्रीय परिषद आहे, वकिलीला बार कौन्सिल आहे. आमच्या धंद्याला तसं कुणी नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 1956 च्या कायद्याने पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांकडे ठेवला, पण पदविका छापायला एक चांगला प्रिंटर पुरतो. नॅक ही संस्था दर्जा तपासून देते ती श्रेणी कॉलेजला मिळते, अभ्यासक्रमाला नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी असे विभाग आहेत, माध्यम शिक्षणाचा वेगळा नाही. 2024 मध्ये बीएमएस, बीबीए, बीसीए यांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली, तेव्हा कॉलेजांनी केवढा आरडाओरडा केला ते आपण पाहिलंच आहे. मास मीडिया तेव्हाही बाजूलाच राहिलं.

चांगल्या संस्था नाहीत असं नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून, मुंबईत कालिन्यातल्या गरवारे संस्थेतून आलेल्या मुलांबरोबर मी काम केलं आहे. आयआयएमसी या केंद्र सरकारच्या माध्यम संस्थेचा मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम अमरावतीत चालतो, जाहिरात-जनसंपर्काचा दिल्लीत. जाहिरात आणि ब्रँडकडे ओढा असलेली मुलं अहमदाबादच्या माइका या संस्थेकडे जातात. पण ही नावं सदाशिव पेठेतल्या घरात माहीत असतात, सांगलीतल्या घरात नाही. तिथे पोचतं ते माहितीपत्रक.

आणि माहितीपत्रकात नेमकं हवं तेच नसतं. भाचीच्या पिशवीतल्या एकावर ‘पीआर’ मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. विषयांची यादी मागितली तर पंधरापैकी दोन पेपर जनसंपर्काचे निघाले, बाकी कॅमेरा, अँकरिंग आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’. कोण शिकवतं असं विचारलं, तर ‘इंडस्ट्री एक्सपर्ट्स’. त्यांची नावं? ‘ती बॅच सुरू झाली की कळतात.’ मी शेवटी विचारलं, मराठी प्रेसनोट लिहून घेता का? बाई हसल्या. ‘मॅडम, आता सगळं इंग्लिशच चालतं.’

नाही चालत, महोदय. इंग्रजी प्रेसनोट मुंबईच्या चार दैनिकांपुरती. कोल्हापूर, लातूर, जळगावच्या आवृत्तीत बातमी लागायची तर ती मराठीतच जावी लागते, आणि संपादकाला ती पुन्हा लिहावी लागू नये अशी जावी लागते. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने मागे लिहून दिलं होतं, ‘ही घोषणा करताना आम्ही अत्यंत रोमांचित आहोत.’ क्लायंट एक दूध संघ होता. तिचा दोष नाही. पहिली प्रेसनोट लिहिणारा म्हणून ओळखला जाणारा अमेरिकेतला आयव्ही ली आणि ती ज्यावर होती तो 1906 चा रेल्वे अपघात तिला पाठ होता. दूध संघाचा अध्यक्ष कसा बोलतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. कात्रणांची लांबी कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजून त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि तीच प्रसिद्धीची किंमत धरायची, हेही तिला शिकवलं होतं. ही मोजदाद 2010 मध्येच, जनसंपर्काच्या मोजमापासाठी या क्षेत्रातल्या लोकांनी ठरवलेल्या ‘बार्सिलोना तत्त्वांनी’ मोडीत काढली आहे.

हे काम म्हणजे नुसतं कंपन्यांचं कौतुक नव्हे. ऑगस्ट 2019 च्या पुरात मी सांगलीतच होते. कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग, अशा सूचना फोनवर येत होत्या. आकडे बरोबर होते. पण गल्लीतल्या माणसाला क्युसेक कळत नाही. त्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं ते कळतं. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 57 फुटांपुढे गेलं. ‘आज रात्री पुलाखाली पाणी अमुक फुटांवर जाईल, तमुक गल्ल्यांनी आत्ताच निघावं,’ असं वेळेवर, साध्या मराठीत सांगणं हा जनसंपर्क. भाची तेव्हा शाळेत होती. तिला या कामाचं वेड तिथूनच लागलं, असं ती म्हणते.

म्हणून मागणं मोठं नाही. विद्यापीठाशी संलग्न असा प्रत्येक माध्यम अभ्यासक्रम प्रवेशाआधी एक पान जाहीर करील, एवढं करा. एकूण पेपर किती, त्यात जनसंपर्काचे किती, कोण शिकवतं, गेल्या वर्षी किती जण शिकून गेले, त्यातले किती आज याच कामात पगारावर आहेत. इंटर्नशिप वेगळी दाखवायची. सगळी मिळून फी किती. संलग्न नसलेल्या संस्थांनी ‘ही पदविका विद्यापीठाची नाही’ हे पहिल्याच पानावर छापावं. औषधाच्या खोक्यावर घटक लिहितात, तितकंच.

दुसरं, 2024-25 पासून शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं. फार चांगलं केलं. पण ती सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, म्हणजे राज्य स्तरावर एकत्र होणाऱ्या प्रवेशांना, बांधलेली आहे, आणि आमचे अभ्यासक्रम त्या प्रक्रियेत नाहीतच. बहिणीचं घर सगळ्या अटींत बसतं. फक्त मुलीने निवडलेला विषय बसत नाही.

जिल्हा माहिती कार्यालयं आपल्या खात्यात येत नाहीत, ठाऊक आहे. तरी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकून तिथे दरवर्षी दोन-दोन विद्यार्थी सहा महिने, विद्यावेतनावर, बसवता आले तर पाहा. मराठी प्रेसनोट तिथे रोज लिहिली जाते.

भाचीच्या तीन माहितीपत्रकांच्या प्रती या पत्राबरोबर आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. दोन पेपरांवर मी पेनाने खूण केली आहे. तिच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते.

आपली,
सांगलीची, हल्ली मुक्काम पुणे