'सुडो' आणि एलियस: एका स्पेसवर विसंबू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्समध्ये 'सुडो' ही कमांड तिच्यापुढे लिहिलेली कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवते; एलियस म्हणजे आपण ठरवलेले कमांडचे पर्यायी नाव. 'सुडो'पुढेही एलियस चालावेत म्हणून आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील लिनक्सविषयक लेखात बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सुडो'चाच एलियस करून अवतरणात 'सुडो'नंतर एक स्पेस सोडण्याची युक्ती दिली आहे. युक्ती बरोबर आहे. पण ती कुठे चालत नाही हे लेखात आलेले नाही, आणि नेमक्या तिथेच फाइली उडतात.

एलियस उलगडते, म्हणजे त्याच्या जागी मूळ कमांड घालते, ते शेल (टाइप केलेल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम; बॅश हे असेच एक शेल), 'सुडो' नव्हे. एरवी बॅश कमांडचा पहिलाच शब्द एलियस आहे का ते बघते. म्हणून उबुंटूत 'एलएल' (फाइलींची यादी दाखवणारा एलियस) चालते, पण 'सुडो एलएल'ला 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर मिळते. त्या नावाचा प्रोग्रॅमच नसतो. एलियसच्या शेवटी स्पेस असली तर बॅश पुढचा शब्दही तपासते, पण लगतचा एकच. दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने कमांड चालवायला 'सुडो -यू' लिहिले की तो शब्द '-यू' ठरतो आणि त्यापुढच्या कमांडचा एलियस उलगडत नाही.

'एलएल'मध्ये एरर दिसते, नुकसान होत नाही. फाइली पुसणाऱ्या 'आरएम'चे तसे नाही. पुष्कळ जण त्याचा एलियस 'आरएम -आय' (प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारणारा) ठेवतात आणि पुसण्याआधीच्या विचारणेवर विसंबतात. ती स्पेस नसेल तर 'सुडो आरएम'ला मूळ प्रोग्रॅम सापडतो आणि तो मुकाट्याने पुसून मोकळा होतो. साध्या वापरकर्त्याला राइट-प्रोटेक्टेड (लिहिण्याची परवानगी नसलेल्या) फाइलवर 'आरएम' निदान विचारते तरी. रूटला सगळीकडे लिहिण्याची मुभा असल्याने तेही होत नाही. स्क्रिप्टमध्ये तर बॅश एलियस मुळातच उलगडत नाही. रूटचे शेल उघडणारे 'सुडो -आय' केले की रूटची स्वतःची बॅशआरसी लागू होते: रेड हॅटमध्ये तिच्यात 'आरएम -आय' असते, उबुंटूत नसते.

तेव्हा रूट म्हणून पुसताना 'आरएम'पुढे कॅपिटल 'आय'चा पर्याय (-I) हातानेच टाइप करावा. तीनपेक्षा जास्त फाइली असल्या किंवा अख्खा फोल्डर पुसायचा असला तर तो एकदाच विचारतो. लांबलचक कमांडसाठी एलियसऐवजी यूएसआर-लोकल-बिनमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवावी. तिचा मालक रूट, परवानगी 755 (बदल फक्त मालकाला, वाचणे-चालवणे सर्वांना). रेड हॅटच्या 7 आणि 8 या आवृत्त्यांत 'सुडो'च्या सिक्युअर-पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) हा फोल्डर नसतो, तिथे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्यावा.

आणखी एक. आपल्या बॅशआरसीत घुसलेला कोणताही प्रोग्रॅम 'सुडो'चा खोटा एलियस करून पासवर्ड टिपू शकतो. अनोळखी मशीनवर आधी 'टाइप -ए सुडो' चालवून त्या नावामागे एलियस आहे की खरा प्रोग्रॅम ते बघावे.

आपला,
एक वाचक, पुणे