मतदानाच्या दिवशीची मजुरी कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक सुधारणा म्हटलं की पेपरात आणि टीव्हीवर ईव्हीएम, पक्षांतर, एक देश एक निवडणूक ह्याच्यावरच चर्चा, ते मोठ्या माणसांचं चालू दे, पण बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंग करणारा, निपाणीत विड्या वळणारी बाई नाहीतर आमच्या वडगावात साडीमागं मजुरी घेणारा लूमवाला, ह्यांच्यासाठी पहिली सुधारणा साधी आहे. मत द्यायला गेलं म्हणून त्या दिवसाची मजुरी बुडू नये.

कायदा आहे की ओ. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 135 बी कलम 1996 ला घातलं, लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी पगारी सुट्टी द्यायची, आणि रोजंदारीवाल्याला सुद्धा, काम केलं असतं तर जेवढं मिळालं असतं तेवढं. आता मालकानं नाही दिलं तर दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये! चांगल्या कारागिराची एक दिवसाची हजेरी आज त्याच्यापेक्षा जास्त आहे, मग कोण भिणार? वर त्याच कलमात अशी पण सवलत की कामगार नसल्यानं धोका किंवा मोठं नुकसान होणार असेल तर सुट्टी लागू नाही. भट्टी पेटलीय म्हटलं की विषय संपला. आमच्यात तर साडी झाली नाही तर पैसे नाहीत, 135 बी वगैरे कोण विचारतंय.

खानापूरच्या पोरांचं अजून अवघड. कणकुंबी, जांबोटीकडची किती तरी पोरं गोव्यात कामाला. 10 मे 2023 ला आपल्याकडं कर्नाटकात विधानसभेचं मतदान होतं तेव्हा गोवा सरकारनं पगारी सुट्टी जाहीर केली तर तिथले कारखानदार केवढे ओरडले, आमच्या राज्यात इलेक्शन नाही आणि सुट्टी कसली म्हणून. त्यांचं पण एका अर्थी खोटं नाही, पण पोरानं मत द्यायचं कसं? मग चोर्ला घाटातून गाड्या येतात, गाडी उमेदवाराची, डिझेल त्याचं, जेवण त्याचं, आणि बूथवर जाऊन हा स्वतःच्या मनानं बटण दाबणार अशी आपली अपेक्षा!

डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगानं मतदानाचं रिमोट मशीन पुढं आणलं होतं, एका मशीनवर 72 मतदारसंघ, गावी न जाता मत देता येईल म्हणाले. जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं, तर विरोध झाला आणि ते तिथंच राहिलं. विरोधकांच्या शंका अगदीच फालतू नव्हत्या, परगावच्या बूथवर एजंट कोण बसवणार हा प्रश्न खराच आहे. मशीन नको तर नको, मग जवानांना पोस्टल मत आहे तसं नाव नोंदवलेल्या स्थलांतरित कामगाराला का नाही?

उभं राहायचं तर बोलूच नका. विधानसभेला डिपॉझिट 10 हजार, ते वर्गणी काढून भरू, पण उमेदवाराची खर्चाची मर्यादा 40 लाख आणि पक्षाला मर्यादाच नाही. जिल्हा आणि तालुका पंचायतीत कामगारातला माणूस थोडाफार येऊ शकतो, त्यांची मुदत 2021 ला संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणूकच नाही.

सीमाभागात इलेक्शन आलं की भाषेवर भाषणं होतात. मी पण मराठीच, सीमाप्रश्न मला पण जवळचाच आहे, पण शेजारच्या लूमवरचा कन्नड माणूस आणि मी, दोघांची मजुरी एकाच दिवशी बुडते, ह्याच्यावर महाराष्ट्र एकीकरण समितीवाला बोलत नाही आणि राष्ट्रीय पक्षवाला पण नाही.

माझं म्हणणं एवढंच, दंड जेवढे कामगार तेवढ्या पटीत लावा, त्यातली मजुरी कामगाराला द्या, आणि पुढच्या मतदानाआधी कामगार खात्यानं तक्रारीचा फोन नंबर प्रत्येक कारखान्याच्या गेटवर मराठी आणि कन्नड दोन्हीत लावावा. आणि फोन उचलावा.

आपला,
एक लूम कामगार, वडगाव, बेळगाव