फुलवाल्या राष्ट्राध्यक्षाबद्दल

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

उरुग्वेच्या होसे मुहिकाचा तू पाठवलेला फोटो पाहिला. ‘जगातला सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष’, आणि खाली ती १९८७ची निळी बीटल गाडी. अरे, पण हा गडी आपल्याच धंद्यातला, ते कुठं लिहिलंय? वडील लहानपणीच गेले, तेव्हापासून फुलं पिकवायचा, विकायचा. राष्ट्राध्यक्ष असतानाही (२०१० ते २०१५) सरकारी बंगला नको म्हणून राजधानी माँटेव्हिडिओबाहेरच्या मळ्यातच राहिला. पगारातले ९० टक्के वाटून टाकायचा. गरीब म्हटलेलं मात्र त्याला खपायचं नाही. ज्याला कितीही मिळालं तरी पुरत नाही तो गरीब, असं म्हणायचा.

आता न लिहिलेलं ऐक. तरुणपणी तो तुपामारोंमध्ये, म्हणजे तिथल्या डाव्या सशस्त्र बंडखोरांमध्ये होता. त्यांनी बँका लुटल्या, माणसंही मारली. पुढं मोठा झाला म्हणून ते पुसून टाकायचं, हे मला पटत नाही. १९७० मध्ये सहा गोळ्या खाल्ल्या. १९७१ मध्ये शंभरावर साथीदारांबरोबर भुयारातून तुरुंग फोडला, पुन्हा सापडला. मग लष्करशाही आली. ओलीस म्हणून या छावणीतून त्या छावणीत, एकट्यालाच कोंडलेलं, कित्येक वर्षं हाताला पुस्तक नाही. त्याला लघवीचा त्रास, आणि पहारेकरी बाहेर सोडायचे नाहीत. शेवटी आईनं लहान पोरांचं शीचं भांडं आणून दिलं. १९८५ मध्ये सुटला तेव्हा ते भांडं हातात होतं आणि त्यात फुलझाडं लावलेली! दोन दिवस माझ्या डोक्यातून ते जात नाही. माती कुठून आणली असेल? ऊन किती मिळत असेल?

पुढं संसद, मग कृषिमंत्री. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ द्यायला समोर बायकोच, सिनेटर लुसिया. तीही तुरुंग भोगून आलेली. त्यानं गांजा कायदेशीर केला, ते काही माझ्या गळी उतरत नाही. शाळा सुधारतो म्हणाला होता, ते फारसं जमलं नाही. मे २०२५ मध्ये गेला, ८९ वर्षांचा होऊन.

तो आणि लुसिया शेवंती लावायचे म्हणे. आपल्या शेवंतीला कळी धरलीय. दसऱ्याच्या आधी दोन दिवस ये, तोडणीला माणूस मिळत नाही. आणि नव्या गाडीची डिकी मोकळी ठेव, चार क्रेट बसतील.

तुझे,
अण्णा