वाळूतला खजिना छापता, तो बाहेर कसा काढायचा तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागचे कितीतरी महिने पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर एकच चाललंय, की आपल्या किनाऱ्यावर रेअर अर्थचा, म्हणजे ईव्हीच्या मोटरमधल्या मॅग्नेटला लागणाऱ्या धातूंच्या गटाचा, खजिना पडलाय, चीनने माल अडवला तरी आपलं काही बिघडत नाही. आणि त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड येतो की समुद्राची काळी वाळू किरणोत्सारी असते, मुलांना तिथे खेळू देऊ नका. मी नागपुरात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, मुलं या दोन्ही गोष्टी एकाच तासाला विचारतात. दोन्ही अर्धवट आहेत.

आधी भीतीचं बोलते. किरणोत्सार असतो तो मोनाझाईट नावाच्या खनिजात, कारण त्यात थोरियम असतं, आपल्याकडच्या मोनाझाईटमध्ये साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साईड, आणि थोडंसं युरेनियमही. हे खनिज येतं ग्रॅनाईटसारख्या जुन्या खडकांतून. केरळचं चवरा, तामिळनाडूचं मनवालाकुरिची, ओडिशाचं छत्रपूर, तिथे मागचे डोंगर तसे आहेत, नद्यांनी झीज वाहून आणली आणि लाटांनी हलकी वाळू धुऊन जड खनिजं काठावर ठेवली. आपल्या कोकणाच्या मागे मात्र सह्याद्रीचा बेसाल्ट आहे, त्यात मोनाझाईट जवळपास नसतंच. रत्नागिरीकडची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाईट आणि मॅग्नेटाईटची, म्हणजे टायटॅनियम आणि लोखंडाची, त्यामुळे गणपतीपुळ्याला गेलेल्या पोरांनी त्यात खुशाल किल्ले करावेत. केरळात करुणागप्पल्लीला नैसर्गिक किरणोत्सार खरंच जास्त आहे, काही वाड्यांमध्ये तर नेहमीच्या कित्येक पट, पण तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष छापले त्यात यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तिथल्या आलप्पाड गावाने २०१८-१९ मध्ये आंदोलन केलं ते मुख्यतः खाणकामात जमीन समुद्रात जाते म्हणून, आणि ते दुःख मला या फॉरवर्डपेक्षा फार खरं वाटतं.

आता खजिना. सरकारने संसदेत सांगितलेला आकडा आहे सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाईट, त्यात ७२ लाख टनांच्या आसपास रेअर अर्थ ऑक्साईड. आकडा मोठाच आहे, पण जगाच्या उत्पादनात आपला वाटा एक टक्क्याच्या आसपास का, हे कोणी छापत नाही. आणि सीरियम हे रेअर अर्थ तर पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं सापडतं, म्हणजे नुसतं सापडणं हे काही मोठं नाही, अवघड आहे ते वेगळं करणं. आधी वाळूतून चुंबकाने आणि विजेच्या भाराने मोनाझाईट निवडायचं, मग ते कॉस्टिक सोड्यात तापवून फोडायचं, थोरियम बाजूला काढायचं, आणि उरलेली मूलद्रव्यं एकमेकांसारखी इतकी की त्यांना सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे द्रावकात ओढून वेगळं करण्याच्या, शेकडो टप्प्यांतून न्यावं लागतं तेव्हा कुठे निओडिमियम हे मॅग्नेटला लागणारं रेअर अर्थ हाती येतं, त्याचा पुढे धातू करायचा, मग मॅग्नेट, आणि तो ईव्हीच्या मोटरमध्ये जातो. जगाचं शुद्धीकरणाचं नव्वद टक्क्यांच्या जवळपास काम चीनमध्ये होतं ते याच मधल्या पायऱ्यांमुळे. आपल्या मोनाझाईटमध्ये डिस्प्रोशियम, टर्बियम ही जड रेअर अर्थ मंडळी अगदीच नगण्य, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर बंधन घातलं त्यात नेमकी हीच होती.

आणि बाजूला काढलेलं थोरियम जातं कुठे हाही प्रश्न लोकांना पडला पाहिजे. ते फेकता येत नाही, परवान्याशिवाय विकता येत नाही, अणुऊर्जा कायद्याखाली सांभाळून साठवावं लागतं, होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या अणुवीज कार्यक्रमात त्याची पाळी तिसऱ्या टप्प्यात आहे. म्हणूनच २०१९ पासून मोनाझाईट असलेल्या वाळूचं खाणकाम खासगी कंपन्यांना बंद झालं, ते काम सरकारी कंपन्यांकडेच आहे, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं, थोरियमचा हिशेब कुणा ठेकेदाराच्या वहीत राहू नये.

तुम्ही म्हणाल, समुद्र शेकडो किलोमीटरवर, नागपूरच्या बाईला काय त्याचं. अहो, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाईन्सला आहे, देशाच्या खनिजांचं इयरबुक इथून निघतं आणि त्यात रेअर अर्थचं वेगळं प्रकरण असतं. अणुखनिजं शोधणाऱ्या एएमडीचं विभागीय कार्यालय इथे आहे, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, विभाग आहे, ॲल्युमिनियमची संशोधन संस्था आहे. तरी महत्त्वाच्या खनिजांसाठीच्या सरकारी क्रिटिकल मिनरल मिशनची पहिली सात उत्कृष्टता केंद्रं जाहीर झाली तेव्हा त्यात नागपूर नव्हतं, आणि याबद्दल इथे कुणी हूं की चूं केलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅग्नेट कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, त्या कारखान्यांना लागणारी धातुशास्त्र शिकलेली पोरं आपल्याच कॉलेजातून का जाऊ नयेत?

तर विनंती एवढीच, की पुढची खजिन्याची बातमी कराल तेव्हा या ऑफिसांतल्या जाणकारांकडे बातमीदार पाठवा, ते घराजवळच बसलेत. आणि त्या संस्थांनी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी कॉलेजच्या मुलांना आत येऊ द्यावं, मोनाझाईटचा नमुना दाखवावा, किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर लावून दाखवावा. मुलांना आणायची जबाबदारी माझी.

आपली,
एक शिक्षिका, बजाजनगर, नागपूर